सामना हरून घरी येताना

अमरावतीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. भारताचा सामना असला की टीव्हीपुढून हलत नाही आणि भारत हरला की जेवत नाही. गच्चीवर जाऊन बसतो, हाक मारली तर ओ देत नाही. पुढच्या वेळी नागपूरला जामठ्याच्या मैदानावर सामना असला की त्याला घेऊन जायचं, असं त्याच्या बाबांच्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, एवढा पैसा घालून, उन्हात बसवून पोराला रडवायलाच न्यायचं आहे का? मलाही तीच धास्ती वाटते. न्यावं की नाही?"

ताई, जरूर न्या. मात्र हरले तर काय, याचा विचार घरूनच करून निघा. सामना कोण जिंकणार हे आपल्या हातात नाही. पण पोराच्या पोटात काय आहे, डोक्यावर काय आहे आणि हरल्यावर पहिला तासभर त्याच्याशी कोण काय बोलणार, हे पुष्कळसं आपल्याच हातात असतं. मी हे ऐकीव सांगत नाही. १२ मार्च २०११ ला विश्वचषकातला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना बघायला आम्ही चौघं जामठ्याला गेलो होतो. त्या स्पर्धेत भारत एकच सामना हरला, आणि तो नेमका हाच!

चौघं म्हणजे मी, आमचे हे, वर्ध्याच्या आमच्या वन्सं आणि त्यांचा १० वर्षांचा मुलगा. जामठं वर्धा रोडवरच आहे, तेव्हा मायलेकांना वर्ध्याहून परस्पर येता आलं असतं. पण भाच्याला मामाकडे मुक्काम हवा होता, म्हणून दोघं शुक्रवारीच आले. त्याच दिवशी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली होती. शनिवारी सकाळी टीव्ही लावला तर गाड्या, घरं पाण्याबरोबर वाहत चाललेली. सासूबाई म्हणाल्या, "तिकडे माणसं बुडाली आणि तुम्ही सामन्याला निघालात होय?" त्यावर काय बोलणार? आम्ही गप्प बसून आवराआवर केली.

आता आधी तयारीचं सांगते. सामना दुपारी अडीचचा, म्हणजे घर सोडायचं बाराच्या आत. नागपूरला मार्चमध्ये दुपारचं ऊन चांगलंच तापतं. त्या दिवशी भाच्याला तर्री पोहे हवे होते. मी म्हटलं, सामन्याच्या दिवशी तर्री नाही. तिखट खाऊन उन्हात बसलं की तहान भागत नाही आणि एवढ्या गर्दीत मुलाला चार वेळा उठवून न्यावं लागतं. सकाळी साडेअकराला वरण-भात, पोळी, दोडक्याची भाजी आणि वाटीभर दही असं साधं जेवण झालं. मोठ्या सामन्यांना बाहेरचं पाणी आणि डबा सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा निघताना प्रत्येकानं दोन-दोन पेले पाणी पिऊन घ्यायचं. घरातलं मोठ्यात मोठं सुती उपरणं किंवा ओढणी बरोबर हवीच. टोपीनं डोकं झाकतं, पण मान भाजते ती भाजतेच. मुलाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मोठा मुलगा असला तर लाजेल, पण ठेवाच. आणि तिकिटं काढताना जमलं तर पश्चिमेकडची जागा बघा, म्हणजे दुपारभर सूर्य पाठीशी राहतो. आम्ही बसलो होतो ती बाजू उन्हाचीच होती. वन्संनी आपली ओढणी मायलेकांवर मिळून धरली होती आणि त्या छपराखालून दोघं सामना बघत होते.

वन्संचं जरा वेगळं सांगायला हवं. त्यांचं हे आयुष्यातलं पहिलंच मैदान. माहेर नागपूरचं, घरात सगळे क्रिकेटवेडे, तरी पहिलंच. ३१ ऑक्टोबर १९८७ ला सदरच्या जुन्या मैदानावर विश्वचषकाचा भारत आणि न्यूझीलंड सामना झाला. चेतन शर्मानं लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांना त्रिफळाचीत केलं, आणि विश्वचषकातली ती पहिलीच हॅटट्रिक. मग अंगात ताप असताना सुनील गावसकरनं शतक ठोकलं, एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं एकुलतं एक. तो सामना बघायला मामंजी दोन्ही मुलांना घेऊन गेले. मुलगी घरी राहिली. पोळ्या, भाजी आणि चटणीचा डबा मात्र तिनंच भरून दिला होता. आमच्याकडे त्या सामन्याच्या आठवणी निघाल्या की दोघं भाऊ रंगात येतात आणि वन्सं चहा टाकायला उठतात. हे माझ्या लक्षात यायला लग्नानंतर बरीच वर्षं जावी लागली.

तर जामठ्याला त्या दिवशी पहिले तीन तास म्हणजे नुसता सण होता. भारतानं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग आणि तेंडुलकर यांनी १८ षटकं संपायच्या आत १४२ धावा लावल्या. सेहवाग ७३ वर बाद झाला, तर गंभीरनं सूत्रं उचलली. तेंडुलकरचं शतक झालं, आंतरराष्ट्रीय सामन्यांतलं ९९ वं. पुढचं, शंभरावं, यायला मग वर्ष लागलं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक? आमच्या मागच्या रांगेतला एक दाढीवाला गृहस्थ ओळख ना पाळख, ह्यांच्या गळ्यातच पडला. भाचा ओरडून ओरडून घोगरा झाला होता. "सिक्सर! सिक्सर!" एवढा एकच शब्द. सगळं मैदान तेच ओरडत होतं. चाळिसाव्या षटकात १ बाद २६७ झाल्या होत्या. वन्संनी हिशेब मांडला, "वहिनी, दहा षटकं उरलीत. आठच्या गतीनं धरलं तरी साडेतीनशे." किराणाच्या यादीची बेरीज कधी न चुकवणारी बाई, मीही विश्वास ठेवला.

तेवढ्यात तेंडुलकर १११ वर झेल देऊन गेला. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता जरा सवड आहे असं बघून मामा-भाचे थंड पेय आणायला उठले. रांग मोठी होती. परत आले तोवर गंभीर गेला होता, युसूफ पठाण गेला होता आणि फलकावर ४ बाद २६८ दिसत होतं. भाच्यानं आधी फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मामी, बोर्ड बिघडला आहे का?"

बोर्ड चांगला होता. डेल स्टेन नावाचा माणूस चेंडू टाकत होता. पुढचं फार लांबवत नाही. शेवटचे ९ गडी अवघ्या २९ धावांत गेले. पूर्ण ५० षटकंसुद्धा खेळून काढली नाहीत, ४८.४ मध्ये सगळे बाद २९६. स्टेननं ५० धावांत ५ बळी घेतले. इतक्या माणसांचं मैदान इतकं शांत झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. लग्नघरात पंगत बसावी आणि भात करपल्याची बातमी यावी, तसं.

तरी २९६ काही थोड्या नव्हेत. रात्री दिवे लागले, वारा सुटला, पुन्हा लोकांना धीर आला. आमला, कॅलिस, डिव्हिलियर्स खेळून गेले. शेवटच्या षटकात १३ धावा हव्या होत्या. हरभजनचं एक षटक शिल्लक होतं, पण चेंडू नेहराच्या हातात दिला. समोर रॉबिन पीटरसन. पहिला चेंडू बॅटची कड घेऊन चार. दुसरा सहा. तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर पुन्हा चार. दोन चेंडू शिल्लक ठेवून ते जिंकले. भाचा खुर्चीवर उभा होता, तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, रडेल. रडला नाही. हातातला कागदी झेंडा त्यानं नीट गुंडाळला आणि खिशात घातला.

इथून पुढचा भाग अमरावतीच्या ताईंसाठी.

सामना संपल्यावर लगेच उठू नका. पंधरा-वीस मिनिटं बसून राहा. हरल्यावर गर्दी जास्त घाईनं बाहेर पडते, चिडलेली असते, मुलांकडे बघत नाही. सदरच्या मैदानावर नोव्हेंबर १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षक दगावले होते, नागपूरकर ते विसरलेले नाहीत. चुकामूक झाली तर कुठल्या फाटकाशी उभं राहायचं, हे आत शिरतानाच मुलाला दाखवून ठेवा. वर्धा रोडला त्या रात्री वाहनांची रांग लागते ती लागतेच. मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली ती खापरीपर्यंत, जामठं त्याच्या पुढे राहिलं, तेव्हा परतीच्या वाहनाचं आधी ठरवून ठेवलेलं बरं. तुम्हाला तर शहर ओलांडून अमरावती रोड धरायचा आहे आणि सामना संपेस्तोवर रात्रीचे दहा वाजून जातात. नातेवाइकांकडे मुक्काम करा. अर्धवट झोपेतल्या पोराला घेऊन मध्यरात्रीचा दीडशे किलोमीटरचा प्रवास नको.

आता बोलण्याचं. गाडीत बसल्या बसल्या ह्यांनी सुरू केलं, हरभजनला का दिलं नाही, पॉवरप्ले आत्ताच कशाला घ्यायचा. मग पोराकडे लक्ष गेलं तशी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, जाऊ दे रे! खेळच तो!"

आमच्या वन्सं फारशा न बोलणाऱ्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "दादा, ते नको म्हणूस त्याला."

"का?"

"बाबांनी मला म्हटलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. १९८७ चाच हिवाळा, गावसकरच्या शतकानंतर थोड्याच आठवड्यांनी. वन्सं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होत्या आणि बास्केटबॉलच्या संघात होत्या. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य सामना त्या एका बास्केटनं हरल्या. शेवटचा चेंडू वन्संच्याच हातात होता, कडीवर आपटला आणि बाहेर आला. घरी आल्यावर मामंजी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "जाऊ दे गं, खेळच तो. आईला भाकऱ्या लागायला मदत कर." मनानं चांगलाच होता तो माणूस, समजूत म्हणूनच म्हणाले. पण वन्संनी त्यानंतर घरात खेळाचा शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी त्या संघात खेळल्या की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. आमच्या ह्यांना, सख्ख्या भावाला, आपली बहीण बास्केटबॉल खेळायची एवढंच अंधुकसं आठवत होतं.

"खेळच होता," वन्सं म्हणाल्या, "पण माझा होता ना."

मग घर येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. भाचा खिडकीतून बाहेर बघत बसला होता आणि त्याच्या आईनं त्याला बघत बसू दिलं. ताई, तुमचा मुलगा गच्चीवर जाऊन बसतो, ते मला फारसं काळजीचं वाटत नाही. थोडा वेळ बसू द्या. हाका मारत बसू नका. हाक मारायची ती ताट वाढल्यावर, आणि तीसुद्धा एकदाच.

आमच्याकडे मी निघतानाच कुकरमध्ये डाळ-तांदूळ धुऊन ठेवले होते, फक्त शिटी करायची होती. बारा वाजता रात्री कुणी तिखटमिठाचं करत बसत नाही. पातळसर मुगाची खिचडी, वर तूप, ताक आणि तोंडाला चव यायला भाजलेला पापड, एवढं पुष्कळ झालं. मुलाला "जेवतोस का?" असं विचारूच नका. विचारलं की "नको" येतं. ताट पुढे ठेवून आपण आपलं जेवायला लागायचं. भाच्यानं दोनदा खिचडी घेतली. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांना निकाल कळला तसं त्या म्हणाल्या, "जपानमधल्या लोकांकडे बघ बाळा, त्यांचं काय गेलंय. तुझा तर नुसता सामना गेला." पोराचा घास तोंडातच राहिला. म्हातारं माणूस प्रेमानंच बोललं, पण दहा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं, की आपल्याला वाईट वाटणं हीसुद्धा चूकच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे निघण्याआधी, गोडीत, जरा सांगून ठेवा.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. धोनीनं सामन्यानंतर फलंदाजांना बोल लावले होते, की प्रेक्षकांसाठी खेळू नका, देशासाठी खेळा. रविवारी ते सगळीकडे आलं. भाच्यानं वाचलं आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभा राहिला.

"मामी, मी सिक्सर सिक्सर ओरडलो म्हणून हरलो का आपण?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी पटकन "छे रे, वेड्या" म्हणणार होते. पण ते पोर असं तसं विचारत नव्हतं, रात्रभर घोकून विचारत होतं. धोनीचं म्हणणं धोनीच्या जागी ठीक असेल, त्यानं आपल्या खेळाडूंना कसं बोलावं हा त्याचा प्रश्न. पण तिकीट काढून उन्हात बसलेल्या पोरानं षटकार मागायचा नाही तर मागायचं काय? मी त्याला वर्तमानपत्रातला गुणफलक काढून दिला आणि एक कोरी वही दिली. म्हटलं, कोण कसा बाद झाला ते सगळं इथे उतरून काढ, मग आपण दोघं बघू कोणामुळे हरलो ते.

तासभर तो खाली मान घालून लिहीत होता. दोन्ही डाव, सगळे गोलंदाज, अवांतर धावांसकट. झेल कुणी घेतला, कुणाच्या चेंडूवर, कितव्या धावेवर. मग माझ्याकडे येऊन जरा रागातच म्हणाला, "या स्टेनला बघ ना मामी! दहा षटकंपण नाही टाकली आणि पाच जण!" आदल्या दिवशी मैदानावर त्याला समोरचे अकरा जण दिसलेच नव्हते, आपलेच तेवढे दिसले होते. माझ्याही बाबतीत तेच. वहीत मात्र दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. ओरडण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. ती वही मात्र त्यानं पुढे बरीच वर्षं चालवली. गणितात नावापुरते मार्क मिळवणारं पोर सरासरी काढायला तिथेच शिकलं. तुमच्याकडे हा उपाय करून बघा, हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, जिंकलेल्याच्या नव्हे. जिंकल्यावर लिहायला कोण बसतंय?

पुढे २ एप्रिलला मुंबईत वानखेडेवर श्रीलंकेला हरवून भारतानं तो विश्वचषक जिंकला, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. पण "बघ, शेवटी आपणच जिंकू" असं १२ मार्चच्या रात्री मुलाला सांगू नये, असं माझं मत आहे. आपल्याला ते माहीत नसतं आणि मुलांना ते बरोबर कळतं.

हाच भाचा १५ वर्षांचा असताना, १५ मार्च २०१६ ला, मित्रांबरोबर पुन्हा जामठ्याला गेला. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा न्यूझीलंडशी सामना. त्यांनी १२६ केल्या, आणि आपले सगळे ७९ त आटोपले. न्यूझीलंडनं आपले साउदी, बोल्ट हे वेगवान गोलंदाज बाहेर बसवून तीन फिरकीवाले खेळवले आणि त्या तिघांनीच आपले नऊ गडी काढले. मी घरी खिचडीचं सामान काढून वाट बघत बसले होते. साहेब बाहेरच कुठेतरी दोन प्लेट तर्री पोहे खाऊन आले, "सँटनरनं ११ धावांत ४ घेतले मामी" म्हणाले आणि झोपले!

पहिल्याच खेपेला मोठ्या सामन्याची गर्दी नको वाटत असेल, तर ताई, आधी विदर्भाचा रणजी सामना दाखवा. तिथे धक्काबुक्की नसते, मुलाला सीमारेषेजवळ बसता येतं, क्षेत्ररक्षकाचं बोलणं ऐकू येतं. विदर्भानं रणजी करंडक २०१८, २०१९ आणि २०२५ असा तीनदा जिंकला, त्यातला दोनदा जामठ्यालाच. २०२४ चा अंतिम सामना मात्र मुंबईनं जिंकला, तेव्हा हरण्याची सवय तिथेही व्हायची ती होतेच. चार दिवसांच्या सामन्याला मुलाला अख्खा दिवस बसवू नका, जेवणानंतरचं एक सत्र पुरे.

आणि तिकिटं काढताना सासूबाईंनाही एकदा विचारून बघा. उन्हाचं झेपत असलं तर त्यांचंही एक काढा, सावलीतलं. आमच्या वन्सं पहिल्यांदा गेल्या त्या ४३ व्या वर्षी. त्या रात्री खिचडी वाढून घेताना मी त्यांना म्हटलं, "वन्सं, पहिल्यांदा आलात आणि नेमका हाच सामना वाट्याला आला." त्या म्हणाल्या, "वहिनी, पुढचा कधी आहे?"